व्यापारी पत्रातील हसरा चेहरा आणि अंगठा

पेढीवर बसणाऱ्या माणसाचा आता निम्मा दिवस लिहिण्यात जातो. पूर्वी भाव फोनवर किंवा समोरासमोर ठरत असे आणि आठवड्यात दोन-चार पत्रे लिहिली की काम भागत असे. आता भावाची विचारणा ई-मेलने येते, नमुन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, बिल्टीची प्रत पुन्हा ई-मेलने जाते आणि पैशाचा तगादाही लेखीच करावा लागतो. या लिखाणात शब्दांच्या जोडीला चित्रे शिरली आहेत. कोणी वाक्याच्या शेवटी हसरा चेहरा लावतो, कोणी जोडलेले हात पाठवतो आणि बहुतेक जण उत्तर म्हणून नुसता अंगठा दाखवून मोकळे होतात. आपली मुले-पुतणे हे रोज करतात आणि आपणही करू लागलो आहोत. त्यात वाईट काही नाही. पण व्यापारी पत्रात या चित्रांचे वजन किती आणि कोर्टात ती काय बोलतात, हे आपल्या बांधवांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे. परदेशात एका अंगठ्याची किंमत ब्याऐंशी हजार डॉलर ठरलेली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

मुळात ही चित्रे का लागली? कारण कागदावरच्या शब्दाला आवाज नसतो. "शेठ, माल फार लवकर पाठवलात" हे वाक्य दुकानात हसत म्हटले तर कौतुक, तोंड वाकडे करून म्हटले तर टोमणा. लिहिले की दोन्ही एकसारखे दिसते. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकेत या गोष्टीची परीक्षा घेतली. काही वाक्ये गंभीरपणे आणि काही टोमण्याने दुसऱ्याला पाठवायला सांगितली. आपला सूर समोरच्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असे पाठवणाऱ्यांना वाटत होते. आवाजातून ऐकणाऱ्यांना तो 73 टक्के वेळा बरोबर कळला. ई-मेलने वाचणाऱ्यांना मात्र 56 टक्केच. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी पन्नास टक्के बरोबर आले असते! लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज घुमत असतो, म्हणून त्याला पत्र स्पष्ट वाटते. वाचणाऱ्याच्या कानात तो आवाज नसतो.

ज्यांनी उर्दू शाळेत पत्रलेखन शिकले त्यांना आठवत असेल की मास्तर आधी अल्काब आणि आदाब पाठ करून घेत. वडिलांना काय लिहायचे, उस्तादांना काय, बरोबरीच्या मित्राला काय, हे ठरलेले होते. त्या वेळी ते ओझे वाटत असे. आता लक्षात येते की पत्राचा सूर त्या पहिल्या दोन ओळींतच ठरून जात होता. "बाद सलाम, खैरियत" असे लिहून पुढे दहा ओळींचा तगादा लिहिला तरी वाचणाऱ्याला राग येत नसे. ई-मेलने ती पहिली ओळ खाल्ली आणि तिची जागा शेवटच्या हसऱ्या चेहऱ्याने घेतली, असे म्हटले तरी चालेल.

या हसऱ्या चेहऱ्याची जन्मतारीख माहीत आहे, ही गंमतीची गोष्ट. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागातील मंडळी आपसांत संदेश लिहिण्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक फळा वापरत. 1982 च्या सप्टेंबरात कोणीतरी विनोदाने लिहिले की विद्यापीठाच्या एका लिफ्टमध्ये प्रयोगामुळे पारा सांडला आहे. काहींनी ती खरी सूचना समजली. मग विनोद ओळखायला काहीतरी खूण हवी अशी चर्चा झाली आणि 19 सप्टेंबर 1982 रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकाने सुचवले की विनोदाच्या वाक्याला कोलन, आडवी रेघ आणि बंद होणारा कंस लावावा. मान डावीकडे कलती करून पाहिले की डोळे, नाक आणि हसणारे तोंड दिसते. विनोद नसेल तिथे उलटा कंस लावावा असेही त्याने लिहिले. म्हणजे आज ज्याला आपण उदास चेहरा म्हणतो त्याचा पहिला अर्थ "हे खरेच आहे, थट्टा नाही" असा होता. पुढे लोकांनी त्याचा अर्थ दुःख केला. खुणेचा अर्थ असा हातोहात बदलतो, ते व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे.

(जाता जाता. हाच चेहरा उर्दू किंवा अरबी मजकुरात टाइप केला की डोळे उजवीकडे आणि तोंड डावीकडे जाते, कारण ओळच उजवीकडून चालते. संगणक कंसाचे तोंडही फिरवतो, त्यामुळे चेहरा हसराच राहतो.)

रंगीत चित्रे नंतर जपानमधून आली. तिथल्या डोकोमो या फोन कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी 1999 मध्ये 176 छोटी चित्रे तयार केली. जपानी भाषेत "ए" म्हणजे चित्र आणि "मोजी" म्हणजे अक्षर, म्हणून इमोजी. 2010 मध्ये युनिकोड या जागतिक अक्षरसंचात ती घेतली गेली आणि सगळ्या फोनांवर पोहोचली. पण युनिकोड फक्त क्रमांक आणि नाव ठरवते, चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की एकच हसरा चेहरा एका कंपनीच्या फोनवर आनंदी आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर दात आवळल्यासारखा वाटत होता. आपण आनंद पाठवला आणि ग्राहकाला पोटदुखी पोहोचली, असा प्रकार!

ई-मेलमध्ये याहून विचित्र गोष्ट घडते. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये कोलन आणि कंस टाइप केले की तो कार्यक्रम त्याचा आपोआप गोल चेहरा करतो. पण तो चेहरा खरे तर विंगडिंग्ज नावाच्या टाइपातील इंग्रजी "जे" हे अक्षर असते. ज्याच्या संगणकावर तो टाइप चालत नाही त्याला वाक्याच्या शेवटी नुसता "जे" दिसतो. परदेशी पार्टीच्या पत्रात शेवटी एकटा "जे" पाहून हा कोणता माल-कोड आहे, असा विचार करीत बसलेले व्यापारी आमच्या पाहण्यात आहेत. तो माल-कोड नव्हे, हसणे होते.

आता देशादेशांचा फरक. जोडलेले हात जपानमध्ये विनंती किंवा आभार म्हणून जातात, आपल्याकडे कोणी नमस्कार समजतो, कोणी दुआ. चीनमध्ये तरुण मंडळी साध्या हसऱ्या चेहऱ्याचा अर्थ तुसडेपणा असा घेतात. चीनमधून यंत्राचे सुटे भाग किंवा सूत मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. इराण-इराककडे अंगठा दाखवणे ही जुन्या रिवाजाप्रमाणे शिवी आहे. आणि दूर कशाला जायचे, आपल्या मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, उर्दूतही अंगूठा दिखाना म्हणजे साफ नकार. उलट अंगठा उठवणे म्हणजे दस्तावर सही करणे. एकाच बोटात होकारही आहे आणि नकारही.

बाजाराला खुणा नव्या नाहीत. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटे दाबतो आणि हजारोंचा भाव ठरतो, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. तारखात्यातही शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक होते. आकडा लिहून दिला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटत असे. ती तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. पण त्या दोन्ही ठिकाणी प्रत्येक खुणेचा अर्थ एकच होता आणि तो दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत होता. इमोजीचे तसे कोष्टक कुठेही नाही. खरा धोका इथे आहे.

आता अंगठ्याची हकीकत. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात अळशी, म्हणजे आपली जवस, मोठ्या प्रमाणावर पिकते. (लिनन कापडाचा धागा याच जातीच्या झाडाचा, पण तिथे पीक मुख्यतः बियांसाठी घेतात.) साउथ वेस्ट टर्मिनल नावाची धान्य-खरेदी करणारी कंपनी आहे. मार्च 2021 मध्ये तिच्या खरेदीदाराने शेतकऱ्यांना संदेश पाठवला की अळशी 17 डॉलर बुशेल भावाने घ्यायची आहे. अळशीचा बुशेल म्हणजे सुमारे 25.4 किलो. एका शेती कंपनीच्या मालकाशी त्याचे फोनवर बोलणे झाले. मग त्याने 87 टन अळशीचा करारनामा तयार केला, डिलिव्हरी नोव्हेंबरची धरली, शाईने सही केली, मोबाइलवर फोटो काढला आणि "कृपया अळशीचा करार कन्फर्म करा" अशा अर्थाची ओळ लिहून पाठवला. उत्तरात शेतकऱ्याकडून एक अंगठा आला. बाकी एक अक्षर नाही.

नोव्हेंबर आला आणि माल आला नाही. मध्यंतरी भाव 41 डॉलरवर गेला होता. खरेदीदार कोर्टात गेला. शेतकऱ्याचे म्हणणे असे की अंगठा म्हणजे "करारनामा मिळाला" एवढेच, मी तो वाचलाही नव्हता आणि सविस्तर अटी नंतर येतील असे समजत होतो. न्यायमूर्ती टिमोथी कीन यांनी जून 2023 मध्ये निकाल दिला. त्यांनी अंगठ्याचा अर्थ शब्दकोशात पाहिला खरा, पण निकाल मुख्यतः शब्दकोशावर दिला नाही. त्यांनी जुना व्यवहार पाहिला. याच दोघांत आधी गव्हाचे सौदे झाले होते. प्रत्येक वेळी खरेदीदाराने असाच फोटो पाठवला होता आणि शेतकऱ्याने "ठीक आहे", "हो", "बरे दिसते" अशा एक-दोन शब्दांत उत्तर दिले होते, आणि माल बिनतक्रार पोहोचवला होता. त्या शब्दांचा अर्थ तेव्हा "पावती मिळाली" असा नव्हता, तर "सौदा मंजूर" असा होता. मग अंगठ्याचा अर्थ आजच वेगळा कसा? शिवाय तो अंगठा शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोन नंबरवरून आला होता, म्हणजे सही कोणाची हेही ठरले.

नुकसानभरपाई 82,200 डॉलर आणि 21 सेंट ठरली, व्याज आणि खर्च वेगळा. हिशेब सरळ आहे. एका टनात सुमारे 39.368 बुशेल, बुशेलमागे फरक 24 डॉलर, माल 87 टन. गुणाकार करून पाहावा. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या अपील कोर्टानेही दोन विरुद्ध एक मताने हा निकाल कायम ठेवला. ज्या न्यायाधीशांचे मत वेगळे पडले त्यांचा आक्षेप सहीच्या मुद्द्यावर होता, कारण त्या प्रांताच्या कायद्यात अशा विक्रीला लेखी आणि सहीचा पुरावा लागतो.

आपल्याकडे काय? आमच्या मते आपल्या व्यापाऱ्याने जास्त सांभाळून राहिले पाहिजे. 1930 च्या माल-विक्री कायद्याच्या कलम 5 प्रमाणे विक्रीचा करार लेखी होऊ शकतो, तोंडी होऊ शकतो आणि उभयतांच्या वागण्यावरूनही गृहीत धरता येतो. म्हणजे कॅनडात जो सहीचा वाद झाला, तो इथे मालाच्या साध्या विक्रीत उभाच राहत नाही. प्रश्न एवढाच उरतो की होकार होता की नव्हता. 1872 च्या करार कायद्याचे कलम 7 सांगते की होकार पूर्ण आणि बिनशर्त पाहिजे, आणि कलम 9 मान्य करते की होकार शब्दांवाचूनही देता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 10-अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणासाठी रद्द ठरत नाही. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या खटल्यात ई-मेलवर ठरलेला सौदा पक्का मानला. पक्का करारनामा सही व्हायचा राहिला होता, तरीही.

आता दुसरी बाजूही पाहा. मद्रास हायकोर्टात 2024 मध्ये रेल्वे संरक्षण दलाच्या एका शिपायाचे प्रकरण आले. एका अधिकाऱ्याच्या हत्येच्या बातमीवर त्याने व्हॉट्सॲप गटात अंगठा पाठवला होता आणि खात्याने त्याला नोकरीवरून काढले होते. कोर्ट म्हणाले की अंगठा हा "ओके"चा पर्याय आहे, संदेश पाहिला एवढाच त्याचा अर्थ घेता येईल, हत्येचा आनंद असा घेता येणार नाही. त्याची नोकरी वाचली. म्हणजे कॅनडात अंगठा "मंजूर" ठरला आणि मद्रासला "पाहिले" ठरला. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक अंगठ्यात नाही, त्याच्या आधी कोणता प्रश्न विचारला होता आणि कोणता रिवाज चालत होता यात आहे.

कापडाच्या धंद्यात हा घोटाळा कुठे होतो ते सांगतो. रंगाच्या शेडचा फोटो ग्राहकाला पाठवला जातो. सोबत लिहिले जाते, "शेड पाहून घ्या." उलट अंगठा येतो. प्रोसेस हाउसला लॉट सोडला जातो. माल तयार झाल्यावर ग्राहक म्हणतो, मी फोटो पाहिला म्हणून अंगठा दिला, शेड पास केला नव्हता, आणि फोनच्या पडद्यावर रंग कधी खरा दिसतो काय? एकदा आमच्या पेढीवरही असे काही ताके अंगावर पडले आहेत. चूक अर्धी आमचीच होती, कारण प्रश्नच अर्धवट विचारला होता. "पाहून घ्या" याचे उत्तर "पाहिले" असेच असणार. त्याऐवजी "अमुक नंबरची शेड, अमुक मीटर, अमुक पन्हा, या दराने रंगवायला सोडू का? होय किंवा नाही लिहा" असे विचारले असते तर अंगठा आला तरी त्याला अर्थ राहिला असता.

उलट बाजूने, आपल्याला कोणी भाव किंवा करारनामा पाठवला आणि आपण तो नुसता पाहिला असेल, तर अंगठा देऊ नये. "मिळाला, वाचून उद्या कळवतो" हे लिहायला दहा सेकंद लागतात. दुकानात फोन कोणाच्याही हातात असतो, हेही पाहावे. पेढीच्या नंबरवरून मुलाने किंवा मुनीमजींनी अंगठा दिला तर "मी दिला नाही" म्हणून सुटता येईलच असे नाही. करार कायद्याच्या कलम 237 प्रमाणे, या माणसाला अधिकार आहे असा समज मालकानेच समोरच्याचा करून दिला असेल तर मालक बांधला जातो. रोज तोच मुलगा ऑर्डर घेत असेल तर तो समज झालेलाच असतो.

हसऱ्या चेहऱ्याचा प्रश्न कोर्टाचा नाही, पतीचा आहे. एला ग्लिक्सन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात 29 देशांतील 549 लोकांनी भाग घेतला होता. अनोळखी माणसाच्या कामाच्या ई-मेलमध्ये हसरा चेहरा असला तर वाचणाऱ्याला तो माणूस अधिक प्रेमळ वाटला नाही, पण कामात कमी हुशार मात्र वाटला. त्याला दिलेली उत्तरेही त्रोटक होती. प्रत्यक्ष हसऱ्या माणसाच्या फोटोने असा परिणाम झाला नाही, उलट फायदाच झाला. म्हणजे हसणे चांगले, पण पहिल्या पत्रातले छापील हसणे चांगले नाही. नव्या पार्टीला कोटेशन पाठवताना, बँकेला किंवा सरकारी खात्याला लिहिताना ते वर्ज्यच समजावे. जुन्या ग्राहकाने स्वतः आधी वापरले तर आपण उत्तरात वापरायला हरकत नाही. तगाद्याच्या पत्रात तर मुळीच नको. "तीन महिने झाले, पेमेंट आले नाही" याच्या पुढे हसरा चेहरा लावला की समोरचा समजतो, घाई नाही.

आणि तक्रार कधीही चित्रात करू नये. इथे कायद्याचा एक मुद्दा कारखानदार आणि कारागीर बांधवांना फार उपयोगी आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाने माल दिल्यानंतर खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. तेव्हा माल पोहोचल्यावर ग्राहकाने नाराज चेहरा पाठवला, तर गप्प बसू नये. त्याच दिवशी लिहून विचारावे, "मालात दोष आहे का? असल्यास कोणत्या ताक्यात आणि काय, ते लिहून कळवा." आणि आपण खरेदीदार असलो तर दोष शब्दांत, मीटर आणि ताका-नंबरासह, पंधरा दिवसांच्या आत ई-मेलने पाठवावा.

असे संदेश पुसून टाकू नयेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फोनमधील किंवा संगणकातील नोंद पुरावा म्हणून देताना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ संभाषण आपल्या उपकरणात तसेच असेल तर हे काम सोपे जाते. फोन बदलताना पेढीचे जुने संदेश नव्या फोनमध्ये आले की नाही हे तपासून घ्यावे. मोठा सौदा व्हॉट्सॲपवर ठरला असेल तर त्याच संध्याकाळी एक ई-मेल करावा: आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक माल, अमुक मीटर, अमुक दर, अमुक तारीख, काही फरक असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. त्याला उत्तर म्हणून अंगठा आला, तर तो खुशाल जपून ठेवावा.